जाताना सोळा तास, येताना चौदा

प्रश्न : लेक न्यू जर्सीत असते. हिवाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमानाला जाताना सुमारे १६ तास लागले, येताना १४. अंतर तेच, मग दोन तासांचा फरक कसा? नातू म्हणतो, पृथ्वी फिरते म्हणून. शिवाय पडद्यावर विमान सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढत गेलेलं दिसलं. उगाच वळसा कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वळशाचं आधी सांगतो. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. तो कझाकस्तान, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँड असा ६५ अंश उत्तरेपर्यंत चढेल आणि मग खाली उतरेल. हाच सगळ्यांत जवळचा रस्ता, साधारण १२,५०० किलोमीटरचा. सपाट नकाशावर पट्टीने ओढलेली सरळ रेघ प्रत्यक्षात १४,००० किलोमीटरच्या वर भरते.

मी नोकरीत असताना विमानांचे फ्लाइट प्लॅन बनवायचो. या दोऱ्यापासून कुठे आणि किती हटायचं, हे ठरवणं म्हणजेच आमचं काम. कधी एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांचे मार्ग लांबले. पण रोजचा हिशेब असतो तो वाऱ्याचा. ड्यूटीवर आलं की आधी उंचावरच्या वाऱ्यांचा तक्ता उघडायचा, बाकी सगळं नंतर.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा अरुंद, जोरकस पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो ताशी २०० किलोमीटरच्या पुढेही जातो. विमान हवेतून ताशी ९०० च्या आसपास वेगाने चालतं. समोरून १०० चा वारा आला की जमिनीवरचा वेग ८००, पाठीमागून आला की १,०००. सगळ्या वाटेवर इतका वारा नसतो, तरी तुमचे दोन तास तिथेच गेले.

नातवाला सांगा, पृथ्वीबरोबर हवाही फिरते, म्हणून नुसत्या फिरण्याने मुंबई जवळ येत नाही. मात्र उष्ण भागातून ध्रुवाकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळेच पूर्वेला वळते आणि त्यातून हा पट्टा तयार होतो. म्हणजे पोराने दुवा बरोबर पकडला आहे, मधली एक पायरी तेवढी राहिली.

वाऱ्याची ताकद किती, तर ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पश्चिमेला अटलांटिकवरून नेण्याऐवजी पूर्वेला पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकवरचा रस्ता जवळजवळ १४,००० किलोमीटरचा, हा १५,३०० चा. तरीही पाठीशी वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोचलं. आम्हा मंडळींना ती बातमी वाचून फार आनंद झाला होता.

आणि एक. तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, धावपट्टीपर्यंतचं रांगणंही त्यात येतं. हवेतला वेळ हवा असेल तर पडद्यावर चाकं उचलल्यापासून मोजा. उन्हाळ्यात पुन्हा गेलात तर जाण्या-येण्यातला फरक बहुधा कमी दिसेल, कारण तेव्हा हा पट्टा मंदावतो आणि उत्तरेकडे सरकतो.