चाकाची थरथर आणि टायरचं दुकान

प्रश्न : महिन्यापूर्वी पुढचे दोन्ही टायर नवे बसवले, बॅलन्सिंगही केलं. तरी एक्स्प्रेसवेवर ८५-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. दुकानदार म्हणतो, अलाइनमेंट करून घ्या. त्याच्याकडेच पुन्हा जावं का? चांगलं दुकान ओळखायचं कसं? (तळेगाव)

उत्तर : अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कल, बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एकाच कडेला झिजतो. ठरावीक वेगाला सुरू होणारी थरथर बहुधा बॅलन्सिंगची असते, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसतं. स्टिअरिंगला जाणवली तर पुढची चाकं, सीटखाली जाणवली तर मागची. हा फरक ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडे पुन्हा कशाला जाता?

नव्या दुकानात काम चालू असताना बॅलन्सिंगच्या मशीनजवळ उभे राहा. जवळ येऊ देत नसतील तर तेही उत्तरच आहे. रिमला तोल साधायला लावलेली जुनी छोटी वजनं काढली का, रिमच्या आतला वाळलेला चिखल खरवडला का, ते आधी बघा. मशीनला तीन मापं द्यावी लागतात: मशीनपासून रिमचं अंतर, रिमची रुंदी आणि व्यास. आधीच्या गाडीची मापं तशीच ठेवून चाक फिरवलं तर ग्रॅमचे आकडे चुकतात. रिमच्या मधल्या भोकात चाक धरणारा मशीनचा शंकू (कोन) तिरका बसला तरी तेच होतं. वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य दिसायला हवं. घाईत नेमकी हीच फेरी गाळली जाते. शंका असेल तर मशीनवरचं चाक सैल करून अर्धा फेरा वळवून पुन्हा आवळायला सांगा. आता २०-२५ ग्रॅम दिसले, तर चाक मुळात मध्यावर बसलेलंच नव्हतं.

मशीन एका बाजूला ६०-७० ग्रॅम मागत असेल तर वजनांची माळ लावू देऊ नका. हवा सोडून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवायचा आणि परत मोजायचं. फिरताना रिमची कडच डोलत असेल तर रिम वाकलेली आहे, तिथे वजनांचा उपयोग नाही.

टायर चढवताना कडेला साबणाची पेस्ट हवी. ग्रीस लावलं तर रबर खराब होतं आणि टायर रिमवर सरकतो. टॉमीने (लोखंडी पहारीने) ओढाताण केली की बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी टायरची कड, दुखावते आणि मग रोज थोडी थोडी हवा उतरते. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह टायरबरोबर नवाच घ्या. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आवळायचे आणि शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. नुसत्या हवेच्या गनने करकचून आवळलं तर स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) ताणला जातो आणि रस्त्यात पंक्चर झालं की गाडीतल्या पान्ह्याने नट हलत नाही.

प्रश्न : अलॉय रिमला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं सारखी पडतात. (सांगली)

उत्तर : ब्रेकची काळी धूळ न पुसता चिकटवली असणार. जागा थिनरने पुसून, पूर्ण कोरडी करून नवी पट्टी दाबून लावायची. पडलेली पुन्हा वापरायची नाही. कडेला ठोकायची क्लिपची वजनं स्टीलच्या रिमसाठी असतात, ती अलॉयवर ठोकू देऊ नका.