प्रश्नावली राहू दे, गुडघे टेक

प्रिय,

तुझी प्रश्नावली वाचली. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून आणि श्वास देऊन त्याला वाचवायचा प्रयत्न. त्याबद्दल ऐकलंय म्हणणारे भरपूर, करू शकेन म्हणणारे मोजके. मग प्रश्नच चुकले का, असं तू विचारतेस. एक सोडला तर प्रश्न ठीक आहेत. चूक आहे ती कागदाची.

मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रौढ माणसाच्या छातीत 5 ते 6 सेंटिमीटर खोल. हे पाठ करणं अवघड नाही. पण 5 सेंटिमीटर म्हणजे किती, हे तळहाताला कळावं लागतं. नवखे दाबतात ते भीत भीत, उथळ, कोपरं वाकवून. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तेव्हाच हृदयात रक्त भरतं. पण त्यांचं वजन छातीवर तसंच राहतं. थोड्याच वेळात खांदे भरून येतात, म्हणून तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. यातलं काय तुझ्या चार पर्यायांत मावतं? गुडघे टेक आणि बघ.

आता तो एक प्रश्न. ‘श्वास चालू असल्यास सीपीआर द्यावा का?’ हृदय बंद पडल्यावरही सुरुवातीला अनेकजण आचके दिल्यासारखी हवा ओढतात. बघणाऱ्याला वाटतं, श्वास आहे, आणि तो दाब देतच नाही. बेशुद्ध आणि श्वास ‘नेहमीसारखा’ नाही, असं लिही.

1960 साली कौवेनहोवन, जूड आणि निकरबॉकर या अमेरिकेतल्या संशोधकांनी छाती न उघडता, वरूनच दाबून हृदय चालवण्यावरचा लेख छापला. लागतात ते फक्त दोन हात, असं त्यात होतं. दोन हात, मुली! माहितीची टक्केवारी नव्हे. त्याच वर्षी नॉर्वेतल्या एका खेळणीवाल्याने, ओस्मुंड लार्डलने, सरावासाठी बाहुली बाजारात आणली. तरीही आपण अजून उत्तरपत्रिका तपासतोय.

विभागात मला हटवादी म्हणतात. म्हणोत. लेखी गुण काढून टाका आणि प्रत्येकाला मॅनिकिनवर, म्हणजे त्या सरावाच्या बाहुलीवर, बसवा, असं मी दर बैठकीत बोललो आणि दर वेळी वेळापत्रक आडवं आलं. पैकीच्या पैकी गुण घेऊन, एकदाही गुडघे न टेकता बाहेर पडलेल्या तुकड्या आठवल्या की आणखी भांडायला हवं होतं असंच वाटतं. कुणी सांगेल, जागृती आधी, कौशल्य नंतर. ऐकू नकोस. शिकलेले हातसुद्धा काही महिन्यांत विसरू लागतात. न शिकलेल्यांचं काय सांगायचं?

बरगडी मोडेल ही भीती तुझ्या बहुतेक उत्तरांत दिसते. मोडू शकते. बरगडी जुळते. प्रशिक्षण नसेल तर मोठ्या माणसाला नुसते दाब दिले तरी चालतं, हेही उत्तरं देणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. बुडालेल्याला आणि लहान मुलांना मात्र श्वासही लागतो.

‘करू शकेन’ म्हणणाऱ्यांपैकी जमतील तेवढ्यांना शनिवारी बोलाव. प्रत्येकाला दोन मिनिटं, घड्याळ लावून. खोली आणि वेग नोंदव, त्यांच्या उत्तरांशेजारी मांड. तोच तुझा प्रबंध. मॅनिकिन मी आणतो. पहिली तू बस.