धावपटूच्या पायाची ठेवण घरी कशी मोजायची? ओल्या पायाचा ठसा पुरेसा आहे का?

नाही. या ठशापायी माझी भरतीची दोन वर्षं गेली, म्हणून उत्तर जरा तिखट वाटेल.

चोपडा तालुक्यात आम्ही सात-आठ पोरं पहाटे चारला केळीच्या बागांमधल्या गाडवाटेने पळायचो, पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी. पळवायचे माझे मामा. एकदा त्यांनी सगळ्यांचे पाय बादलीत बुडवून ओट्यावर उमटवले. बाकीच्यांच्या ठशात कमान, माझा भाकरीसारखा भरलेला. ‘बदकना पाय शेतस तुना!’ झालं. मग नडगी दुखायला लागली तरी कारण तेच, सपाट पाय. त्याच महिन्यात आम्ही माती सोडून डांबरी रस्त्यावर गेलो होतो आणि अंतर दुप्पट केलं होतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बुटात जाड पट्ट्या आल्या, बापाचे पैसे गेले, नडगी तशीच.

शेवटी जळगावात एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी नीट मोजलं. घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडं खाली आणि पुढे एक हाड हाताला लागतं, नॅव्हिक्युलर. त्यावर पेनाने खूण. आधी बसून, टाच आत-बाहेर न कलता मधोमध धरून, जमिनीपासून खुणेची उंची घ्यायची. मग दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहून पुन्हा. शेजारी पुठ्ठा उभा धरून त्यावर रेघा मारल्या की झालं. फरक साधारण १० मिलिमीटरच्या वर गेला तर पाय जास्त आत कलतो असं धरतात. माझा डावा ६, उजवा ८. तळवा मांसल, म्हणून ठसा भरलेला! तीनदा मोजा, एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. बाईंनी उभ्या पायाची ठेवण बघून सहा निरीक्षणांचे गुणही दिले, प्रत्येकी उणे २ ते अधिक २. बेरीज ० ते ५ म्हणजे सर्वसाधारण. ते मात्र शिकलेल्या नजरेचं काम.

आणि फरक जास्त आला तरी काय? डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं. पाय आत कलणाऱ्यांना दुखापती जास्त झाल्या नाहीत. हे २०१४ साली छापून आलंय. मामांना वाचून दाखवलं, त्यांनी तंबाखू मळली. गेल्या आखाजीला त्यांच्याच ओसरीवर पट्टी घेऊन त्यांचा पाय मोजला: १३. तरुणपणी तालुक्यात पहिला नंबर काढणारा माणूस! तेव्हापासून विषय बदलतात.

हां, एक राहिलं. चवड्यांवर उभं राहिल्यावरही कमान उठत नसेल, एकाच पायाची अलीकडे बसली असेल किंवा त्या एका पायाची टाच उचलता येत नसेल, तर पट्टी बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. भरतीच्या वैद्यकीय तपासणीला माझे मिलिमीटर चालणार नाहीत, तिथे त्यांचेच निकष.