मिशनरी म्हणून परदेशी नव्या शहरात गेल्यावर रुळायचं कसं?

विशीच्या आसपासच्या मुलाने मिशनरी म्हणून परक्या देशात गेल्यावर सुरुवातीचे दिवस कसे काढावेत, असा प्रश्न आहे. मी मॉर्मन चर्चपुरतं (अमेरिकेत सुरू झालेला एक पंथ) सांगतो. तिथे मुलांची सेवा साधारण दोन वर्षांची असते, मुलींची १८ महिन्यांची.

माझ्या मते खरी कसोटी शहराची नसून जोडीदाराची, म्हणजे सोबतच्या दुसऱ्या मिशनरीची असते. चर्च नेमून देईल त्या जोडीदारासोबतच राहायचं, स्वयंपाक, अभ्यास, धर्मप्रचारासाठी दारोदार फिरणं सगळं त्याच्याबरोबर. म्हणून भांडी कोण घासणार, खर्च कसा करायचा, राग आला तर कसं सांगायचं, हे पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने बोलून घ्या. मनात धुसफुस असली की दार उघडणाऱ्या माणसालाही ती जाणवते. आणि जोडीदार काही महिन्यांत बदलतोच.

प्रशिक्षण केंद्रात शिकलेली भाषा रस्त्यावर अपुरी पडणारच. स्थानिक चर्चमध्ये येणाऱ्या लहान मुलांशी बोला, ती न लाजता चुका सुधारतात.

घरची आठवण येईल. २०१९ पासून आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. त्याच दिवशी कपडे आणि बाजारहाट उरकावा लागतो, तरी थोडा वेळ जोडीदारासोबत पायी भटकायला राखाच. रस्ते पायाखालचे झाले की परकेपण बरंच ओसरतं.

झोप उडाली, जेवण जाईना, तर ‘श्रद्धा कमी पडतेय’ असं समजून गप्प बसू नका. मिशन अध्यक्षांना (तिथल्या मिशनरींच्या प्रमुखांना) लगेच सांगा आणि डॉक्टरांची मदत मागा.