रोपं कुंडीत हलवताय? दुपार टाळा

मिरची-टोमॅटोची रोपं पिशवीतून कुंडीत लावायची तर संध्याकाळी, ऊन उतरल्यावर लावा. सावरायला अख्खी रात्र मिळते. तासभर आधी पिशवीत पाणी घाला, म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही. पिशवी ब्लेडने कापा, खोडाला धरून उपटू नका. मुळांच्या टोकांजवळ केसांसारखे बारीक तंतू असतात. पाणी मुख्यतः तेच ओढतात, आणि ओढाताणीत पहिले तुटतात तेही तेच. पानांतून मात्र पाणी उडतच राहतं, म्हणून रोप मान टाकतं. अशा वेळी लोक घाबरून तांब्यावर तांबे ओततात. आधी बोट खुपसून बघा. माती ओली असेल तर पाणी नको, सावली हवी. चार-पाच दिवस जुनी ओढणी बांधलीत तरी पुरे, शेडनेटच पाहिजे असं नाही.

टोमॅटो खालची पानं काढून खोल लावलात तरी चालतो, त्याच्या खोडालाही मुळं फुटतात. मिरची पिशवीत होती त्याच पातळीला ठेवा. खत? नवी पालवी दिसेपर्यंत युरियाला हातही लावू नका. आणि नर्सरीतून फुलं आलेलं रोप आणू नका, कितीही गोजिरं दिसलं तरी. आणलंच असेल तर फुलं खुडून टाका.