वाचक विचारतात : ज्यूंच्या छळाचा इतिहास शिकवताना

प्रश्न : नववीच्या वर्गाला नाझी काळातला ज्यूंचा छळ शिकवायचा आहे. संग्रहालयांची ऑनलाइन दप्तरं अफाट आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : एका कागदापासून. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंचा आकडा आधी सांगितला की मुलं तो वहीत उतरवतात आणि विषय तिथेच मिटतो. त्याऐवजी १९३९ साली जर्मन ज्यूंना दिलेलं एखादं ओळखपत्र घ्या. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (ज्यूंच्या संहाराच्या) संग्रहालयाच्या संकेतस्थळावर अशी ओळखपत्रं आहेत. चौघांत एक मोठी छापील प्रत द्या, पण भाषांतर लगेच देऊ नका. पहिली दहा मिनिटं नुसतं पाहायचं : छापील काय, हातानं लिहिलेलं काय, शिक्का कुणाचा, बोटांचे ठसे कशाला? मोठं ‘जे’ अक्षर (ज्यू या अर्थाच्या जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर) लगेच नजरेत भरतं. ओळखपत्र स्त्रीचं असेल तर तिच्या नावात ‘सारा’ कुठून आलं, हे मात्र तुम्हालाच विचारावं लागेल. १७ ऑगस्ट १९३८च्या फर्मानानुसार, ज्यांचं नाव सरकारी यादीतल्या ‘ज्यू’ नावांपैकी नव्हतं, त्या स्त्रियांना ‘सारा’ आणि पुरुषांना ‘इस्रायल’ हे जादा नाव लावणं सक्तीचं झालं. १ जानेवारी १९३९पासून अंमल सुरू झाला. एवढं समजलं की मागे १९३३ची सरकारी नोकऱ्यांतली हकालपट्टी, १९३५चे ज्यूंचं नागरिकत्व हिरावणारे न्यूरेंबर्ग कायदे आणि पुढे १९४१ची कपड्यांवर पिवळा तारा लावायची सक्ती सांगा. गॅस चेंबरच्या कितीतरी आधी हा छळ कारकुनांच्या टेबलांवर सुरू झाला होता, हे मुलांना कागदावरूनच उमगतं.

प्रश्न : जेरुसलेमच्या ‘याद वाशेम’ या स्मारक संस्थेच्या, बळी गेलेल्या ज्यूंच्या नावांच्या सूचीत मुलांनी शोध घेतला. एकाच माणसाच्या तीन नोंदी निघाल्या, तारखा जुळेनात. काहींची तर नोंदच नाही. कशावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : या सूचीतली पुष्कळ साक्षपत्रं नातेवाइकांनी किंवा ओळखीच्यांनी पुढे आठवून भरलेली आहेत. भावानं एक साल लिहिलं, शेजाऱ्यानं दुसरं, असं होणारच. नोंद कुणी आणि केव्हा भरली, ते आधी वाचायला लावा. शोधताना सक्तीचं ‘सारा’ किंवा ‘इस्रायल’ वगळा, आडनावाची निरनिराळी स्पेलिंगं करून पाहा. गावांचंही तसंच : ल्वुव, लेम्बर्ग आणि ल्वीव हे एकच शहर.

जर्मनीतल्या ‘आरोलसेन अर्काइव्हज’ या दप्तरखान्यात नाझी छळछावण्यांतल्या कैद्यांची कार्डं मिळतात. कार्डावरच्या रकान्यांचा आणि खुणांचा अर्थ तिथल्या ‘ई-गाइड’मध्ये दिलेला आहे. तो आधी उघडा, नाहीतर मुलं अंदाजानं अर्थ लावत बसतात.

एक गैरसमज मात्र वेळीच मोडून काढा. कार्ड नाही म्हणजे माणूस वाचला, असं नव्हे. ऑशविट्झ छळछावणीचाच भाग असलेल्या बिर्केनाऊच्या रेल्वे फलाटावरून ज्यांना थेट गॅस चेंबरकडे नेलं, त्यांची छावणीत नोंदच केली गेली नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बहुतेक यातच गेली.

प्रश्न : छायाचित्रं कोणती दाखवावीत?

उत्तर : प्रेतांच्या ढिगांची नकोत. मुलं हादरून नजर फिरवतात, आणि त्या माणसांचा माणूस म्हणून उरलेला मानही जातो. ‘ऑशविट्झ अल्बम’ पाहा. १९४४च्या उन्हाळ्याच्या सुमारास हंगेरीतून आणलेल्या ज्यूंची ती छायाचित्रं एसएस या छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाच्या माणसांनी काढली होती. म्हणून पहिला प्रश्न हाच : कॅमेरा कुणाच्या हातात आहे? त्यानं काय दाखवलं आणि काय टाळलं? त्याच्या जोडीला वॉर्सा गेटोतलं, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतलं, ‘ओनेग शब्बात’ हे गुप्त दप्तर ठेवा. तिथले इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि सहकाऱ्यांनी पत्रं, निबंध, जाहिराती, रेशनकार्डं जमवून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरली. १९४६ आणि १९५०मध्ये त्यांतला मोठा भाग सापडला. इथे मारले जाणारे स्वतः बोलतात, आणि तो आवाज वर्गात यायलाच हवा.

प्रश्न : मुलांकडून ‘तुम्ही कैदी, तुम्ही पहारेकरी’ असं नाट्य करून घ्यावं का?

उत्तर : अजिबात नको. मुलं एकतर खेळात रमतात किंवा घाबरतात; छळ कळल्याचा भास तेवढा होतो. त्या वेळात छळातून जिवंत राहिलेल्या एखाद्याच्या मुलाखतीचा पाच-सात मिनिटांचा भाग ऐकवा. ‘यूएससी शोआ फाउंडेशन’ या संस्थेचं अशा मुलाखतींचं ‘आयविटनेस’ हे संकेतस्थळ शाळांसाठीच आहे.

प्रश्न : ऑशविट्झला प्रत्यक्ष न्यायचं तर?

उत्तर : चौदा वर्षांखालच्यांना नेऊ नये, असं संग्रहालयच सांगतं. प्रवेशाची वेळ आधीच ऑनलाइन राखून ठेवा आणि निदान साडेतीन तास हाताशी ठेवा. वेळ कमी पडला की लोक तीनेक किलोमीटरवरचं बिर्केनाऊ गाळतात. तसं करू नका, बहुतेक हत्या तिथेच झाल्या.