वडिलांना दुसऱ्या राज्यात नेलं. आता अर्ज कुठे करायचा?

प्रश्न : वडील ७९ वर्षांचे, अमेरिकन नागरिक. २२ वर्षं माझ्याकडे न्यू जर्सीत, एडिसनला राहिले. त्यांना डिमेन्शिया आहे. चार महिन्यांपूर्वी धाकटा भाऊ पंधरा दिवसांसाठी म्हणून त्यांना कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला घेऊन गेला. आता तिथल्या कोर्टात कन्झर्वेटरशिपचा, म्हणजे वडिलांचा कायदेशीर पालक नेमण्याचा, अर्ज करतो म्हणतो. प्रकरण कुठे चालेल? पुण्यात त्यांच्या नावावर एक फ्लॅटही आहे.

उत्तर : आज अर्ज केलात तर न्यू जर्सीत. तिथे याला गार्डियनशिप म्हणतात, कॅलिफोर्नियात कन्झर्वेटरशिप. पण कोर्ट कोणतं, हे ठरवणारा २००७ चा नमुना कायदा (राज्यांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेला मसुदा) दोन्ही राज्यांनी घेतला आहे.

पहिला मान ‘होम स्टेट’चा. अर्जाच्या तारखेपासून मागे मोजायचं : त्याआधी सलग सहा महिने माणूस प्रत्यक्ष कुठे राहत होता? तात्पुरतं बाहेर जाणं त्या मुक्कामातच धरतात. वडील कायमचे गेले असं मानलं, तरी पुढचे सहा महिने न्यू जर्सीच होम स्टेट राहतं. म्हणजे तुमच्या हातात निर्धास्त असे दोनच महिने आहेत. त्यानंतर भाऊ म्हणेल, सहा महिने इथेच आहेत. आणि मुक्काम तात्पुरता होता हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येईल. परतीचं तिकीट, ‘पंधरा दिवसांत आणतो’ हा भावाचा मेसेज तारखेसकट, एडिसनच्या डॉक्टरांची पुढची अपॉइंटमेंट हे सगळं आजच जपून ठेवा. फसवून नेल्याचं दिसलं तर कॅलिफोर्नियाचं कोर्ट प्रकरण ऐकायला नकार देऊ शकतं, खर्चही भावावर टाकू शकतं.

लोक चुकतात ते गप्प बसून. कॅलिफोर्नियाची नोटीस येते, ‘आमचं कोर्ट तर इकडे आहे’ म्हणून ती बाजूला पडते. पण होम स्टेटमध्ये अर्ज नाही, कुणाची हरकतही नाही, आणि माणसाचा कॅलिफोर्नियाशी नुसत्या हजेरीपलीकडे घट्ट संबंध दिसतो, असं असेल तर तिथलं कोर्ट प्रकरण चालवू शकतं. म्हणून न्यू जर्सीत अर्ज करा आणि कॅलिफोर्नियाची नोटीस आलीच तर तिथेही लेखी हरकत नोंदवा. दोन्ही करा. तातडीचा धोका असेल तर वडील जिथे आहेत तिथलं कोर्ट तात्पुरता आदेश देऊ शकतं; नमुना कायद्यात त्याची मुदत ९० दिवस आहे.

पुढे वडील कॅलिफोर्नियातच राहायचं ठरलं तर नवा खटला लागत नाही. दोन्ही कोर्टांचे आधी तात्पुरते, मग अंतिम आदेश घेऊन प्रकरण हलवता येतं.

पुण्याच्या फ्लॅटवर मात्र अमेरिकन आदेश आपोआप चालत नाही. जुनं मुखत्यारपत्र असेल तर त्यावरही विसंबू नका : भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की ते संपतं. अशा वेळी घटनेच्या कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात जावं लागतं. २०२० मध्ये कोमातल्या पतीसाठी पत्नीला तिथे पालक नेमलं गेलं. सोबत डॉक्टरांचा अहवाल, मालमत्तेची यादी आणि न्यू जर्सीच्या आदेशाची अपोस्टिल केलेली (परदेशात चालण्यासाठी सरकारी प्रमाणपत्र जोडलेली) प्रत ठेवा. भावाची नाहरकत मिळाली तर तीही जोडा. त्याने विरोध केला तर हे काम लांबतं.